हात बांधणं म्हणजे तोंड बांधणं

मंगेश,

कोलशेतच्या नाक्यावर तुझा बॅनर लागलाय. फोटो माझ्या हळदीतला आहे. त्यात तुझ्या बाजूला मी उभी होते, मला कापून टाकलंय. तुझ्या खांद्यावर माझी बोटं तेवढी राहिलीत. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘अबोल, शांत, मितभाषी व्यक्तिमत्त्व काळाच्या पडद्याआड.’

मी रिक्षातून उतरले आणि तिथेच उभी राहिले. डोक्यात नुसती तिडीक गेली. मितभाषी! तू! अरे, आपल्या घरात तुझ्याइतकं बोलणारं दुसरं कोण होतं? मंडळाची पोरं बाजूलाच बसलेली. मी विचारलं, “कोणी लिहिलं हे?”

एक जण म्हणाला, “ताई, म्हणजे तो बोलायचा नाही ना, म्हणून आपलं चांगलं काहीतरी टाकलं.”

“तो बोलायचा,” मी म्हणाले. “तुम्हाला ऐकू येत नव्हतं.”

पोरं बिचारी उठून उभी राहिली. त्यांचा काही दोष नाही रे. पण बॅनर उतरवलाच मी त्यांच्याकडून. तेरावं होऊन गेलं तरी माझा राग उतरत नाहीये. जरा कुठे बसला असं वाटतं, की कोणीतरी येऊन म्हणतं, “सुटला बिचारा, मुका होता ना.” पुन्हा भडका.

मुका! वागळे इस्टेटमधल्या त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आलेले तो दिवस मला आठवतो. तुझा डबा घरी राहिलेला. आत पत्रे कापायची, ठोकायची मशिनं चालू. बाजूचा माणूस काय बोलतो ते कळत नव्हतं. मालक माझ्या कानाशी येऊन ओरडत होता, तरी मला फक्त त्याचे दात दिसत होते. आणि त्या सगळ्या कल्लोळात शेडच्या या टोकाला तू, त्या टोकाला तुझा मित्र अन्वर, तोही तुझ्यासारखाच ऐकू न येणारा, दोघं निवांत गप्पा मारत होतात. हातांनी. आदल्या दिवशीच्या मॅचवरून भांडत होतात. तो म्हणत होता कॅच जमिनीला लागला, तू म्हणत होतास नाही लागला. अख्ख्या शेडमध्ये ज्यांना बोलता येत होतं अशी माणसं दोनच. बाकी सगळे मुके. त्या दिवशी घरी येऊन मी आईला हे सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ हसत बसलेली.

आई आठवते तुला खाडीच्या धक्क्यावर भांडताना? आपण लहान होतो. टोपलीतली कोलंबी निवडता निवडता कोणीतरी तुला वेडा समजून म्हणालं, “हा येरा पोर कोनाचा?” आई हातातली टोपली टाकून उठली. “माजा पोऱ्या येरा नाय. त्याला आयकू येत नाय. तुला येतं ना? मंग आयक, पुन्हा बोललीस तर तंगडी मोडीन.” तुला ते ऐकू आलं नाही, पण तिचे हात कमरेवर गेलेले पाहून तू मला विचारलंस, काय म्हणते आई? मी तुला हातवाऱ्यांनी सांगितलं. ते माझं पहिलं दुभाषेपण. मग तू शाळेत खुणा शिकून यायचास आणि मला शिकवायचास. माझं नावही तूच ठेवलंस. ओठांपाशी चार बोटं आणि अंगठा, चिमणीच्या चोचीसारखा उघडमीट करायचा. बडबडी. आईलासुद्धा तेच नाव आवडायला लागलं.

मी लग्न होऊन डोंबिवलीला मानपाड्याला गेले, तू कोलशेतलाच राहिलास. तरी बँक असो, डॉक्टर असो, नातेवाइकांचं काही असो, तू बोलणार आणि मी सांगणार. आणि त्यावरूनच आपलं सगळ्यात मोठं भांडण. ते काही मिटलं नाही.

कल्याणच्या लग्नात मावशीने तुझ्याकडे बघत विचारलं, “कसा आहेस रे?” मी म्हणाले, “मजेत आहे.” तू मला कोपऱ्यात ओढलंस. तिनं कोणाला विचारलं? मला. उत्तर कोणी दिलं? तू. उत्तर द्यायच्या आधी मला विचारायचं होतंस ना. मी म्हणाले, एवढंसं तर वाक्य होतं. तू म्हणालास, माझं वाक्य लहान असेल नाहीतर मोठं, माझं आहे. मग तू मावशीसमोर गेलास आणि गुडघा दुखतोय, पाय ओढून चालतोय, मालक नवीन मशीन आणतोय, सगळं हावभाव करून सांगितलंस. मावशीला सगळं कळलं. मी तिथेच उभी, हातात पेढा घेऊन. तरी मी अजून म्हणते, सगळेच मावशीसारखे थांबत नाहीत. कोणीतरी मध्ये उभं राहावं लागतं. बघ, हॉस्पिटलमध्ये काय झालं.

पोटात दुखायला लागल्यावर तू गॅसच्या गोळ्या खात राहिलास. अन्वरच्या बायकोने मला फोन केला तेव्हा तुला उभं राहता येत नव्हतं. पित्ताशयातल्या खड्यांनी स्वादुपिंडाला सूज आलेली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, नाव मी इथे लिहीत नाही, नाव लिहून काय होणार आहे. कॅज्युअल्टीत नर्सने तुला काही विचारलं, तू माझ्याकडे बघितलंस. ती मला म्हणाली, “पेशंट बोलत नाही का?”

“बोलतो. ऐकू येत नाही त्याला.”

तर ती तुझ्या कानाशी वाकली आणि ओरडली, “दु–ख–तं–य का?” तिच्या तोंडावर मास्क. तू पोट धरून वाकलेला, तरी मला खुणेने म्हणालास, हिला तोंडच नाही. मला त्या वेळीही हसू आलं. मग फॉर्मवर अंगठा घ्यायला एका बाईने शाईचं पॅड आणलं. तू त्या बाईच्या खिशातलं पेन काढलंस आणि सही केलीस, इंग्रजीत, खाली रेघ मारून. तिनं पॅड बंद केलं आणि दुसरीकडे बघितलं. सॉरी म्हणाली नाही. पण तुझ्या चेहऱ्यावर ते जिंकल्याचं हसू आलं, तेवढं मला पुरेसं झालं.

आयसीयूत नेलं आणि मला बाहेर काढलं. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, एवढंच भेटायचं. मी सांगत होते, माझ्याशिवाय तो बोलणार कोणाशी? “रूल आहे, मॅडम.” मी म्हणाले, दुसऱ्या पेशंटला आवाज आत नेऊ देता ना तुम्ही? त्याचा आवाज मी आहे. दारावरच्या सिक्युरिटीला वाटलं मी वेडी आहे. शेवटी मी आतल्या नर्सला एवढंच सांगितलं, त्याला लिहिता येतं, तोडकं लिहितो पण कळतं, कागद-पेन जवळ ठेवा. तिनं मान हलवली.

सकाळी आत गेले. कागद-पेन ठेवलेलं होतं. बाजूच्या टेबलावर, व्यवस्थित. आणि तुझी दोन्ही मनगटं कापडी पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधलेली.

मंगेश, तुझे डोळे उघडे होते. मला बघितल्यावर तू बोलायला लागलास. बोटं हलत होती, मनगटं हलत नव्हती. पट्ट्यांबाहेर जेवढं वळेल तेवढं वळवत होतास. मला एक शब्द कळला नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

ड्युटी संपवून निघालेली नर्स म्हणाली, “रात्री फार व्हायोलंट झाले हो. सारखे हात फेकत होते. लघवीची नळी ओढत होते. त्यांच्याच सेफ्टीसाठी बांधलं.”

“हात फेकत नव्हता तो. बोलत होता!”

“आम्हाला कसं कळणार ते?”

हेच तर. कसं कळणार! कोणी विचारलं असतं तर कळलं असतं. मला फोन केला असता तर कळलं असतं. मी बाहेरच्या खुर्चीवर होते, दाराच्या त्या बाजूला. दुसऱ्या पेशंटला झोप येत नाही म्हणून बडबडला तर त्याच्या तोंडावर पट्टी चिकटवता का हो तुम्ही? मी हे ओरडून म्हणाले. मी गाठ सोडायला लागले, तिनं माझा हात धरला. “डॉक्टरांची ऑर्डर लागेल.” सिक्युरिटी आत आला. बाकीचे पेशंट बघत होते. मला शरम वाटली नाही, आजही वाटत नाही.

तेवढ्यात सकाळच्या पाळीची नर्स आली. लहानखुरी, गालावर तीळ. ती आधी तुझ्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

“ताई, ते काहीतरी सांगायलेत,” ती म्हणाली. परभणीकडची होती, बोलण्यावरून कळत होतं. “मी सोडते हात. तुम्ही त्यांना फक्त सांगा, नळीला हात लावू नका म्हणून. डॉक्टरांना मी बघते.”

तिचं नाव प्रतीक्षा. तुझ्या खुणेत ती नंतर ‘गालावरचा तीळ’ झाली.

तिनं उजवा हात सोडला. मनगटावर वळ उठलेले. आणि तू पहिलं काय विचारलंस? पाणी नाही मागितलंस, कुठे दुखतं ते नाही सांगितलंस. तू विचारलंस, माझं काय चुकलं? कशाची शिक्षा आहे?

त्या हॉस्पिटलवाल्यांना हे सांगायला हवं मंगेश, की तुला रात्रभर वाटत होतं तू काहीतरी गुन्हा केलायस. दिवा लख्ख, तोंड नसलेली माणसं येतात, सुई टोचतात, हात बांधतात, निघून जातात. कोणी कारण सांगत नाही. ज्याला ऐकू येतं त्याला निदान आजूबाजूच्या बोलण्यातून काही कळतं. तुला काय कळणार होतं?

मग तू ओटीपोटाकडे बोट दाखवलंस. पुन्हा पुन्हा. प्रतीक्षाने चादर उचलली. लघवीची नळी तुझ्या मांडीखाली दुमडून बसलेली. सगळं आत तुंबलेलं. तिनं नळी सरळ केली आणि पिशवी भरायला लागली. तू डोळे मिटलेस. तुझ्या कपाळावरच्या शिरा हळूहळू खाली बसताना मी बघितल्या.

“अगं बाई,” ती एवढंच म्हणाली. मग मला विचारलं, “ताई, सॉरी कसं म्हणतात यांच्यात?”

मी म्हणाले, “त्यात काय शिकायचंय? आपण म्हणतो तसंच. कान पकडायचा.”

आणि त्या पोरीने तुझ्यासमोर जाऊन, सगळ्यांच्या देखत, दोन्ही कान पकडले. तिनं बांधलं नव्हतं तरी. तू हसलास. नाकात नळी, ओठ सुकलेले, आणि तू हसलास. मग तिला म्हणालास, उठाबशा? मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, “ड्युटी संपल्यावर.”

त्यानंतर तिनं इन्चार्जशी भांडून मला दिवसा तुझ्याजवळ बसायची परवानगी काढली. पण खरं सांगू? मला तिचं कौतुकही वाटत होतं आणि रागही येत होता. कौतुक यासाठी की तिनं फार काही केलं नाही. कोरोनाच्या वेळची एक पारदर्शक शिल्ड कुठूनतरी शोधून आणली, म्हणजे तुला तिचं तोंड दिसावं. पाठीमागून येऊन दंडाला हात लावायची नाही, आधी समोर येऊन उभी राहायची. सुई टोचायच्या आधी सुई दाखवायची, मग जागा दाखवायची, मग तुझ्या मानेची वाट बघायची. दुखणं, पाणी, थंडी, उलटी, थांब, एवढ्या खुणा शिकली. चुकायची. एकदा ‘उलटी आली का’ विचारायला गेली आणि भलतंच काहीतरी विचारलं, तू इतका हसलास की मशीन वाजायला लागलं. पण विचारून झालं की ती थांबायची. तू काय म्हणतोस ते संपेपर्यंत थांबायची. बस. एवढंच. एवढंच तर हवं होतं.

आणि राग यासाठी की एवढंच हवं होतं, तर ते एकीच्याच वाट्याला का? तिची सुट्टी असली की पुन्हा तेच. तुझ्या अंगावरून दोन जणी एकमेकींशी बोलत चादर बदलायच्या. डॉक्टर राउंडला यायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, “ह्याला झोप लागली का?” समोर तू टक्क जागा! आयसीयूच्या बाहेर भिंतीवर मोठं पोस्टर होतं, हसरी नर्स, कानामागे हात धरलेली, खाली लिहिलेलं, ‘आम्ही तुमचं ऐकतो.’ मी रोज त्याच्यासमोर बसायचे.

प्रतीक्षाला एकदा विचारलं, “तुम्हाला शिकवत नाहीत का गं हे? पेशंटशी कसं बोलायचं?”

“शिकवतात की. अख्खा धडा असतो ताई. पेशंटच्या पातळीवर बसावं, डोळ्यांत बघावं, त्याला पूर्ण बोलू द्यावं. परीक्षेला मी लिहिलंय ते, चांगले मार्क पडले.” मग ती चादरीची घडी घालत म्हणाली, “वॉर्डात आल्यावर पहिल्या आठवड्यात मी एका आजीजवळ बसले तर ओरडा बसला. गप्पा मारायला ठेवलंय का तुला, म्हणाले. माणसं किती, आम्ही किती. मग बसायचंच विसरून जातो आम्ही.”

म्हणजे त्यांना माहीत आहे, मंगेश. हेच मला सहन होत नाही. माहीत नसतं तर मी गप्प बसले असते. माहीत आहे, पुस्तकात आहे, भिंतीवर आहे. तुझ्या पलंगापाशी तेवढं नव्हतं.

मग आपलं ते दुसरं भांडण. इन्फेक्शन पसरलंय असं डॉक्टर मला सांगून गेले. तू विचारलंस, काय म्हणाला? मी म्हणाले, बरं व्हायला वेळ लागेल म्हणाला. तू म्हणालास, त्याचा चेहरा एवढा लांब होता आणि वाक्य एवढं लहान? मी म्हणाले, एवढंच म्हणाला. तू मान फिरवलीस. आपल्यात मान फिरवणं म्हणजे कान बंद करणं, दार आपटणं.

मी चहा घेऊन आले तर प्रतीक्षा डॉक्टरांना पुन्हा घेऊन आलेली. ते तुझ्यासमोर बसलेले, कागदावर लिहीत होते, ती तिच्या मोडक्या खुणांनी भर घालत होती. वाईट. पोटात. वाढतंय. औषध देतोय. माहीत नाही. ‘माहीत नाही’ तिनं इतकं स्वच्छ सांगितलं, हात पालथे करून, की मला तिकडे बघवेना. तू शांतपणे बघत होतास. मान हलवलीस. मग पेन मागितलंस आणि डॉक्टरांना काहीतरी विचारलंस, त्यांनी उत्तर लिहिलं. मला कोणी दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

बाहेर जाऊन मी तिला धरलं. “तुला कोणी सांगितलं होतं हे करायला? तो घाबरला असता तर?”

“त्यांनी विचारलं, ताई.”

“मला सांगायचं होतंस.”

“त्यांनी मला विचारलं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “तुम्हाला नाही.”

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तुझ्याशीही जेवढ्यास तेवढं. तू मात्र अन्वरला बोलावून घेतलंस, त्याच्याशी व्हिडिओवर नाही, प्रत्यक्ष बोलायचंय म्हणालास. तुम्ही दोघं काय बोललात ते मी बघितलं नाही, मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिले. तो डोळे पुसत बाहेर आला, पण हसतही होता. मला वाटतं मॅचचं भांडण तुम्ही मिटवलंत. आणि मी अजून म्हणते की मी बरोबर होते. एखाद्या बहिणीने दोन दिवस, चार दिवस, भावाला थोडं हलकं सांगितलं तर काय बिघडतं? तू असतास तर म्हणाला असतास, बिघडतं. म्हण ना. मी भांडायला तयार आहे.

मग एका दुपारी मी खाली मेडिकलमध्ये इंजेक्शन आणायला गेलेले. वर आले तर पडदा ओढलेला. श्वास घेता येईना म्हणून नळी घालत होते. त्यानंतर तू डोळे उघडलेस, पण बघितलं नाहीस. तुझे हात चादरीवर मोकळे पडलेले असायचे. या वेळी कोणी बांधले नव्हते. बांधायची गरजच नव्हती.

तुला अग्नी दिल्यावर मी हॉस्पिटलला तक्रार केली. त्यांनी बोलावलं. नर्सिंगच्या मोठ्या मॅडम, एक ऑफिसर, आणि रात्री तुला बांधणारी ती नर्स. मी स्पष्ट सांगितलं, हात बांधले म्हणून माझा भाऊ गेला असं मी म्हणत नाही. आजार मोठा होता. पण गेलेल्या माणसाची एक रात्र तुम्ही काढून घेतलीत. त्याला गुन्हेगार वाटायला लावलंत. ती परत द्या.

ऑफिसर म्हणाला, “आम्हाला खेद आहे. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.” मोठ्या मॅडम म्हणाल्या, स्टाफ कमी आहे. मी म्हणाले, ते मला दिसलं, मी तुमच्या बाजूने मोर्चाला येते, हवं तर सगळ्यात पुढे उभी राहते. पण एक नियम आजच करा. ज्याला ऐकू येत नाही त्याचे दोन्ही हात बांधायचे नाहीत, आणि त्याचा माणूस बाहेर बसवायचा नाही. ऑफिसर म्हणाला, कमिटीपुढे ठेवतो. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, कमिटीपुढे ठेवणं म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

ती रात्रपाळीची नर्स एवढा वेळ खाली बघत होती. निघताना दारापाशी म्हणाली, “मला वाटलं ते मला मारायला येतायत. मी एकटी होते त्या बाजूला.” ती रडत होती. मी तिच्यावर ओरडायला गेलेले, ओरडले नाही. तिला घाबरवलं कोणी? तिला एकटी ठेवली कोणी? तिचा राग मला करायचा होता रे, तोही नीट करता आला नाही. म्हणून तो सगळा अजून माझ्याकडेच आहे. पुन्हा जाणार आहे मी. अन्वरला आणि तुमच्या शाळेच्या मित्रांना घेऊन जाणार आहे. त्या कमिटीसमोर ते बोलतील. आणि मी सांगणार आहे, पण ते बोलून झाल्यावर.

रविवारी प्रतीक्षा कोलशेतला आली. पत्ता शोधत, हातात फळांची पिशवी. तुझ्या फोटोसमोर बसली. मी चहा टाकला. चहा घेता घेता ती म्हणाली, “ताई, एक राहिलंय. तुम्ही खाली मेडिकलला गेला होता ना, तेव्हा ते मला काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा केलं, तरी कळलं नाही. मग धाप लागली त्यांना आणि सगळी धावपळ झाली. पण मी ते पाठ केलंय. होस्टेलच्या आरशासमोर रोज करते, विसरू नये म्हणून. करून दाखवू?”

मी मान हलवली.

तिनं ओठांपाशी बोटं नेली आणि चोच उघडमीट केली. मग तळहात पुढे सोडला, जाऊ दे, चालू दे, असा. मग स्वतःकडे बोट दाखवून पंजा दोनदा हलवला. पुन्हा चोच. आणि शेवटी तळहात छातीवरून सावकाश खाली नेला.

एकही खूण चुकली नाही तिची. तुझ्याच हातांसारखी, शेवटी ती मान थोडी तिरकी करण्यासकट.

“काय म्हणाले?” तिनं विचारलं. ती चहाचा कप धरून माझ्याकडे बघत थांबली होती, तुझ्यासमोर थांबायची तशी.

मी तिला सांगितलं. एक शब्द न वाढवता, एक शब्द न कापता. “ताई बडबडते, बडबडू दे. मला गरज नाही. बोललं की तिला बरं वाटतं.”

ती हसली, मग रडली. मी रडले नाही. मला इतका राग आला तुझा, मंग्या, इतका राग. म्हणजे एवढी वर्षं, बँकेत, लग्नात, दवाखान्यात, मी पुढे होऊन बोलत होते आणि तू मागे उभा राहून मला बोलू देत होतास? मला बरं वाटावं म्हणून? तुला गरज नव्हती? आणि हे तू त्या पोरीला सांगतोस, जिला धड तुझी भाषा येत नाही, आणि मला नाही?

असं नसतं रे. असं मागून बोलायचं नसतं. समोर ये, माझ्याकडे बघ, आणि माझ्या तोंडावर बोल.